बाद झालेली चौदा मतं

सोमवारी शाळा सुटल्यावर इदोवूने गावातल्या सातही मतदान केंद्रांवर चक्कर मारली. निकालाचे कागद भिंतींवर अजून चिकटवलेले होते. शनिवारी मोजणी झाली तेव्हा तिने ते वाचले होते, रविवारी चर्चहून येताना पुन्हा वाचले होते, आणि आज ते वहीत उतरवून घेत होती. बावीस वर्षं शाळेत शिकवल्यावर लागलेली खोड. गणित चुकलं की नेमकं कुठल्या पायरीला चुकलं ते सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे.

"मास्तरीणबाई," समोरच्या दुकानातून शिंपी ओरडला, "पुन्हापुन्हा वाचलं की आकडा बदलतो का?"

"तुमच्या मापाच्या वहीत बदलतो ना," इदोवू म्हणाली. "मग इथेही बदलेल."

तो हसला, पण मशीनचं पायडल काही त्याने पुन्हा सुरू केलं नाही. तिच्याकडे बघत राहिला. शनिवारपासून सगळं ओमुरे गाव फागबेमींच्या घराकडे असंच बघत होतं. अंत्यविधीला येतात तसे लोक येत, दोन शब्द बोलत आणि जाताना आंब्याखालच्या भिंतीवरचा कागद हळूच वाचून घेत.

तसं पाहिलं तर ओमुरेने कुदळीला भरभरून मतं दिली होती. देणारच होतं. कुदळ ही केहिंदेच्या पक्षाची निशाणी, आणि राज्याच्या विधानसभेला उभा राहिलेला केहिंदे फागबेमी हा ओमुरेचा पहिलाच माणूस. सहा केंद्रांवर विरोधी पक्षाचा कंदील पार धुतला गेला होता. त्या सहा केंद्रांवर सगळी मिळून बाद मतं पाच. सातवं केंद्र फागबेमींच्या स्वतःच्या दारात, आंब्याखाली. तिथे एकट्यात बाद मतं चौदा.

आणि अख्ख्या मतदारसंघात केहिंदे पडला तो नऊ मतांनी.

आता शेजारच्या इलोरो गावचा कंदीलवाला राजधानीत जाऊन बसणार, डांबरी रस्ता इलोरोच्या वेशीपर्यंत येणार आणि तिथेच संपणार. ओमुरेच्या बाळंतिणी यापुढेही मोटारसायकलवर मागे बसूनच दवाखान्यात जाणार. हे सगळं नऊ मतांनी. चौदापैकी नऊ.

ती चौदा मतं इदोवूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. कुदळीची प्रतिनिधी म्हणून मोजणीच्या टेबलाजवळ तीच, केहिंदेची धाकटी बहीण, बसली होती. आमच्याकडे मतपत्रिकेवर माणसाचं नाव नसतं, नुसत्या निशाण्या आणि प्रत्येकीपुढे एक चौकट. शाईत अंगठा बुडवायचा, चौकटीत उठवायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. ओल्या शाईचा ठसा घडीमुळे दुसऱ्याच चौकटीत उमटू नये म्हणून इदोवूने तीन आठवडे गावातल्या म्हाताऱ्यांना जुन्या कागदांवर घडी घालायला शिकवलं होतं. ती शिकवणी अगदी कामी आली होती. चौदाच्या चौदा कागदांवर शाई कुठे पसरलेली नव्हती. फक्त प्रत्येकावर दोन ठसे होते. एक कुदळीपुढे, एक कंदिलापुढे, दोन्ही चौकटीच्या बरोबर मधोमध.

एखादीचा हात चुकतो. चौदा जणांचा एकाच पद्धतीने चुकत नाही. कुणीतरी शिकवलं होतं, आणि इदोवूपेक्षा चांगलं शिकवलं होतं. वही मिटून ती घराकडे निघाली. चार वाजता तिच्या चुलत्यांनी, लादापो बाबांनी, घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं, आणि कशासाठी ते तिला माहीत होतं.

*

मागच्या अंगणात तिनू एकटीच कोनफळ कुटत होती. एरवी या घरात मोठ्या उखळात दोन मुसळं चालत. केहिंदेची बायको, दिरानची आई तिनू, एक मारायची आणि ताइवोची बायको अशाबी दुसरं. आज अशाबीने भिंतीशी उभं केलेलं आपलं मुसळ घेतलं, तशी तिनूने ते काढून बाजूला ठेवलं.

"राहू दे. तुझ्या हाताला त्रास नको."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"शनिवारी एवढ्या बादल्या उचलल्यास ना. ओळीतल्या म्हाताऱ्यांना पाणी पाजलंस. प्रत्येकीपाशी थांबून. वाकून. कानाशी."

"ऊन होतं, दिरानच्या आई."

"होतं ना. मलाही लागत होतं. मला नाही आणून दिलंस."

अशाबीने मुसळ उचलून पुन्हा भिंतीशी उभं केलं. या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली नऊ बरी गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिकिटाची वेळ आली. कुदळीसाठी गावोगाव सायकल हाणली होती ताइवोने. पण घरातून एकाचंच नाव पाठवायचं ठरलं तेव्हा लादापो बाबा म्हणाले, थोरल्याचं पाठवा. आणि या जुळ्या भावांत थोरला म्हणजे मागून जन्मलेला केहिंदे. जुळ्यांत जो आधी बाहेर येतो तो धाकटा. जग कसं आहे ते बघून ये, म्हणून थोरल्याने त्याला पुढे धाडलेलं असतं. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ताइवोलाही ठाऊक होतं. तो मान डोलावून घरी आला आणि आठवड्याने कंदिलाचा वॉर्डप्रमुख झाला. तेव्हापासून तो बाजाराजवळ खोली घेऊन राहत होता. बायको आणि लेक सिमी मात्र इथेच. इयाने, म्हणजे जुळ्यांच्या आईने, त्यांना जाऊ दिलं नव्हतं.

इदोवू आत आली तीच कमरेला वही लावून.

"सिमीची आई, एक विचारते. खरं सांग. ओळीत तू कुणाला काही बोललीस?"

"पाणी घ्या म्हणाले."

"आणखी?"

"पेला परत द्या म्हणाले."

तिनूने मुसळ जरा जास्तच जोरात आपटलं.

"बरं, त्या काय बोलत होत्या?" इदोवूने विचारलं. "ओळीत तुझ्या सासूच्या मागे त्या बारा जणी होत्या. बाजारात इरूचा मसाला विकणाऱ्या. तू तिथेच होतीस."

"म्हाताऱ्या बायका. गुडघ्यांचं बोलत होत्या."

हे अर्धं खरं होतं. गुडघ्यांचं बोलून झाल्यावर इया मागे वळून म्हणाली होती, "दोघांनाही द्यायचं हं, विसरू नका." आणि त्या बारा जणींनी, भाजीत मीठ घाल म्हटल्यावर म्हणावं तसं, हो हो म्हटलं होतं. अशाबीच्या हातातला पेला तिथेच थांबला होता. पण सासूला ओळीत, चारचौघांत, तुम्ही चुकताय म्हणून सांगणारी सून ओमुरेत अजून जन्मलेली नाही. नंतर सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि नंतर पेटी उघडली.

तिने स्वतः काय केलं होतं हेही ती कुणाला सांगू शकत नव्हती. महिनाभर नवरा रोज येऊन तिला कंदील शिकवत होता. पण सिमीला फिट आली त्या दिवशी गाडी काढून, पावसात तीन तास चालवून दवाखाना गाठला होता तो केहिंदेने. ताइवोशी बोलणं टाकल्यानंतरच्या दिवसांत. अशाबीने एकच ठसा उठवला, कुदळीवर. तो आज बोलून दाखवला तर या घरात ती सुटेल आणि बाजाराजवळच्या खोलीत नवऱ्याचं तोंड काळं होईल. वॉर्डप्रमुखाची बायकोसुद्धा कंदिलाला मत देत नाही म्हटल्यावर त्याला तिथे कोण विचारणार?

"कोयता काढलाय बाबांनी," इदोवू हळू आवाजात म्हणाली. "तुला शपथ घ्यायला सांगणार आहेत. माहीत असेल ते आत्ताच सांग."

"मला काही माहीत नाही," अशाबी म्हणाली.

बावीस वर्षांत इदोवूने हे वाक्य हजारदा ऐकलं होतं. ते कोण कसं म्हणतं हे तिला कळत असे, आणि म्हणूनच ती जास्त अस्वस्थ झाली.

*

केहिंदेला बसायला मोठी खुर्ची दिली होती. जिंकल्यावर आभाराच्या सभेत बसायची म्हणून तिनूने राजधानीतून मागवलेली. तिच्यात बसून त्याला आपण पाहुणे आहोत असं वाटत होतं.

दोन रात्री तो झोपला नव्हता. हरणं त्याने सोसलं असतं. इलोरो गाव मोठं, कंदीलवाल्याकडे चार गाड्या, कर्णे, सगळं. पण स्वतःच्या दारात? ज्या आंब्याखाली तो रांगला तिथे? डोळे मिटले की त्याला ते चौदा कागद दिसत, आणि प्रत्येक कागदामागे एक हात. काल चर्चमध्ये शांतीचा हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगठ्याकडे तो बघत होता. पाद्रीच्यासुद्धा.

ताइवो सगळ्यांत शेवटी आला. लादापो बाबांसमोर त्याने पालथं पडून नमस्कार केला. केहिंदेसमोर गुडघ्यापर्यंत वाकला आणि तिथेच थांबला.

"अभिनंदन," केहिंदे म्हणाला. "तुमचा माणूस आला निवडून."

"आला."

"आता तरी घरी राहायला येशील. काम झालं."

"मला बोलावलं म्हणून आलोय," ताइवो म्हणाला. "माझ्या बायकोला काय विचारायचंय ते माझ्यासमोर विचारा."

लादापो बाबा हे जुळ्यांचे चुलते. वडील गेल्यापासून घराचा शब्द त्यांचा. त्यांनी बैठकीच्या रिवाजाप्रमाणे कोला फळ फोडलं, वाटलं आणि इदोवूला म्हणाले, "वाच."

इदोवूने वाचलं. सहा केंद्रं, पाच बाद. एक केंद्र, चौदा बाद. दोन ठसे, कुदळ आणि कंदील. पलीकडच्या पडवीत इया आणि तिच्या बारा मैत्रिणी उन्हात इरूच्या बिया निवडत बसल्या होत्या. बियांचा आवाज मधेच थांबला, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"हे आपोआप झालेलं नाही," लादापो बाबा म्हणाले. "कंदिलाला सरळ मतं घेता येत नव्हती, म्हणून कुदळीची मारली. कुणी मारली, कशी मारली, ते या घरात कळतं. ओळीजवळ बादली घेऊन कोण फिरत होतं तेही सगळ्यांनी पाहिलंय."

"पाणी द्यायला मी सांगितलं होतं तिला?" ताइवोने विचारलं.

"तूच सांग."

"मी त्या दिवशी सकाळपासून बाजारच्या केंद्रावर होतो. इथे आलो फक्त मत द्यायला. बायको ओळीत दिसली, बोललोही नाही."

"बोलायची गरज काय? अकरा वर्षांचा संसार आहे."

"बाबा, कंदिलाला माणसं फितवायची असती तर मी सासू-सुनांच्या ओळीत कशाला जाईन? सहा केंद्रं मोकळी होती की."

"कारण इथलं मत गेलं की मला जास्त लागणार होतं," केहिंदे म्हणाला. "हे तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला एवढं माहीत नाही."

ताइवोने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच होता, आरशात दिसतो तो, आणि केहिंदेला त्यात काही वाचता आलं नाही. लहानपणी येत असे. आता तो चेहरा बंद असे, आणि आतून कडी कुणी लावली हे त्याला ठरवता येत नसे.

लादापो बाबांनी चटईवर कोयता ठेवला. लोखंडाच्या देवाचं, ओगुनचं लोखंड. केहिंदे चर्चच्या समितीवर होता, त्याने मान खाली घातली.

"बायबलवर घेऊ द्या ना शपथ," इदोवू म्हणाली.

"बायबलवर खोटं बोलून नव्वद-नव्वद वर्षं जगलेली माणसं मी पाहिलीत," लादापो बाबा म्हणाले. "लोखंडावर एकही नाही. अशाबी, पुढे ये. कोयत्याला ओठ लाव आणि म्हण, मी कुणाला मत बिघडवायला सांगितलं नाही, आणि कुणी सांगितलं तेही मला माहीत नाही."

अशाबी पुढे आली. गुडघे टेकले. "मी कुणाला मत बिघडवायला सांगितलं नाही," ती म्हणाली आणि थांबली.

"पुढचं."

तिने कोयत्याकडे पाहिलं.

"पुढचं म्हण, सिमीची आई."

"एवढंच म्हणते, बाबा."

तिनूने मोठ्याने श्वास सोडला. केहिंदेला वाटलं होतं की सापडल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"म्हणजे तुला माहीत आहे," तो म्हणाला. "आणि तू झाकतेस. कुणाला? सांगू? तो तिथे बसलाय." मग तो लादापो बाबांकडे वळला. "हिला माहेरी पाठवा. आजच. सिमी इथे राहील."

सिमीचं नाव आलं तशी अशाबीने मान वर केली. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

*

इयाने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

घरात दोन दिवस कुजबुज चालली होती आणि ती आत आली की थांबत होती. म्हाताऱ्या माणसाला कुणी सरळ काही सांगत नाही. मुलगा हरला एवढं तिला कळलं होतं, आणि तिला वाईट वाटलं होतं. इदोवूने आत्ता वहीतून वाचलं तेव्हा कुठे तिला समजलं की कशामुळे. दोन ठसे म्हणजे बाद. बाद म्हणजे कुणाचंच नाही. म्हणजे तिने दोघांना दिलं आणि कुणालाच मिळालं नाही. एवढी वर्षं एका भाकरीचे दोन तुकडे केले की दोघांचं पोट भरत आलं होतं, आणि हे सरकार म्हणतं तुकडे केले की भाकरीच फेकून देऊ.

तिला पहिल्यांदा शरम वाटली, मग राग आला, आणि मग सुनेच्या वाकलेल्या पाठीकडे बघून ती उठली.

"तिला उठवा," ती दारात येऊन म्हणाली. "मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?" लादापो बाबांनी विचारलं.

"दोघांनाही द्या म्हणून. केहिंदेची कुदळ, ताइवोचा कंदील."

ती दारातून पुढे आली. "मग काय करायला हवं होतं मी? ही दोघं झाली तेव्हा मला दूध पुरत नव्हतं. या बारा जणींनी पाजलं. जिने याला पाजलं तिने त्यालाही पाजलं, नाहीतर पाजलंच नाही. कापड घेतलं तर दोघांना. ताप आला एकाला तर औषध दोघांना. जुळ्यातल्या एकालाच दिलं की दुसरा रुसतो आणि निघून जातो, वर. माझ्या बहिणीचा गेला तसा. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्यांना इथे धरून ठेवलंय. आणि तुम्ही मला कागद दिलात, त्यावर दोघांच्या निशाण्या, आणि म्हणता एकालाच दे?"

"इया," इदोवू म्हणाली. "तीन आठवडे मी तुम्हा सगळ्यांना शिकवत होते. तेव्हा का नाही विचारलंस?"

"तू घडी शिकवत होतीस. घडी नीट घातली मी."

इदोवूने वही मिटली. घडी शिकवली, शाई शिकवली. एकापुढेच अंगठा उठवायचा, हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. चूक सापडली होती, आणि ती कुठल्या पायरीला झाली तेही. त्याचा तिला काडीचा आनंद झाला नाही.

केहिंदे उठून उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "सुनेला वाचवायला तू हे अंगावर घेतेस."

"मी खोटं बोलते?"

"तू यांना कधीच जाऊ दिलं नाहीस. तो घर सोडून गेला तरी त्याची बायको तू ठेवलीस. आताही तू त्यालाच झाकणार. त्याच्यासाठी तू काहीही म्हणशील."

"केहिंदे," ताइवो म्हणाला.

"तू बोलू नकोस."

इयाने मुलाकडे पाहिलं. त्याला बोलताना थुंकी उडाली होती, ती त्याच्या हनुवटीवर तशीच होती. एरवी तिने पदराने पुसली असती.

"बरं," ती म्हणाली आणि चटईकडे गेली.

"आईला लोखंडावर शपथ घ्यायला लावणार?" ताइवो मधे आला. "बाबा, थांबवा हिला. केहिंदे, तू म्हण, थांब म्हण."

केहिंदेने थांब म्हटलं नाही. त्याला म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण समजा खोटं असेल तर ती ओठ लावणार नाही, आणि मग कळेल, हा विचार त्याच्याही आधी तिथे येऊन बसला होता.

इयाने दोन्ही हातांनी कोयता उचलला, पात्याला ओठ लावले आणि म्हणाली, "मी केहिंदेला दिलं. मी ताइवोला दिलं. माझ्या मैत्रिणींना मीच सांगितलं. सुनेने फक्त पाणी दिलं."

तिने कोयता खाली ठेवला तो दुसरीने उचलला. पडवीतून त्या केव्हा आल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शनिवारी उभ्या होत्या तशाच एकीमागे एक ओळीत उभ्या होत्या, कुणी काठी टेकत, कुणी पुढचीच्या खांद्याला धरून. "मी केहिंदेला दिलं. मी ताइवोला दिलं." ओठ लावायचे, कोयता मागचीच्या हातात द्यायचा. सगळ्यांत शेवटच्या इया अबेजेला अंधुकच दिसत होतं, तिला पातं हाताने चाचपावं लागलं. तिने केहिंदेला नऊ महिने पाठीवर बांधून फिरवलं होतं, आणि ताइवोलाही तितकेच.

लादापो बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिनू रडत होती. अशाबी अजून गुडघ्यांवरच होती आणि इयाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

इदोवूच्या ओठांतून आकडा निघाला तो तिलाही नको होता. "तेरा."

केहिंदेने मान वर केली.

"तेरा?"

"इया धरून तेरा."

"मग चौदावं कुणाचं?" त्याचा आवाज पुन्हा मघासारखा झाला. त्याला तो स्वतःलाही ऐकू आला, पण थांबवता आला नाही. "एक उरलंच. बघा, एक उरलंच. कुणीतरी आहेच." तो अशाबीकडे बघत होता.

"दादा, पुरे," इदोवू म्हणाली. "एकाने काय होतंय?"

"एकानेच होतं. कोण आहे? कोण?"

ताइवो चटईशी गेला आणि इया अबेजेच्या हातातून कोयता घेतला.

"चौदावं माझं," तो म्हणाला.

अशाबीने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला कुणीतरी बदलून आणलंय. महिनाभर रोज येऊन कंदील शिकवणारा हाच.

"तू वॉर्डप्रमुख," लादापो बाबा म्हणाले. "तुला माहीत होतं दोन ठसे म्हणजे बाद. यांना नव्हतं. तुला होतं."

"होतं. कागद हातात घेतला तेव्हा कंदिलावर अंगठा उठवला आणि घडी घालायला लागलो. मग घडी पुन्हा उघडली." तो केहिंदेकडे बघून बोलत नव्हता, कोयत्याकडे बघून बोलत होता. "तुझ्या विरुद्ध देऊन बाहेर यायचं जमेना मला. तुझ्या बाजूने द्यायचंही जमेना, राग होता म्हणून. मग बादच करून टाकलं. इथे कुणी विचारलं नसतं तर सांगितलं नसतं." त्याने पात्याला ओठ लावले. "मी केहिंदेला दिलं. मी स्वतःलाही दिलं."

त्याने कोयता चटईवर ठेवला. पुढे कुणाचा नंबर नव्हता, तरी पातं थोडं केहिंदेच्या बाजूला सरकलं.

इया मोठ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या खालच्या ओठावर लोखंडाचा काळसर डाग होता. पदराने तिने मुलाची हनुवटी पुसली.

"आणि तू कुणाला दिलंस, केहिंदे?"

"मी उमेदवार होतो, इया."

"ते माहीत आहे. तू कुणाला दिलंस?"

लादापो बाबा म्हणाले, "उमेदवार स्वतःलाच देतो. त्यात काय विचारायचं?" पण इया त्यांच्याकडे वळली नाही.

"मला," केहिंदे म्हणाला.

"एकालाच?"

"हो, इया. एकालाच."